पगाराचा पत्ता

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि तो बसवणारे गृहस्थ मराठी होते. श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल-तार खात्यात वरिष्ठ अधिकारी होते आणि वर संस्कृत कवीही होते. एकाच नावाची अनेक गावं, पत्त्यांच्या निरनिराळ्या लिप्या आणि पोस्टमनच्या चिकाटीची परीक्षा पाहणारं हस्ताक्षर, एवढ्या सगळ्यातून पत्र योग्य दारी पडावं इतकाच त्या सहा आकड्यांचा हेतू होता. ४१६४१६ लिहिलं की पत्र सांगलीला जाणार. पुढे कधीतरी कॅलिफोर्नियातली एखादी कंपनी पत्ता बघून सांगलीतल्या माणसाच्या कामाची किंमत करील, हे वेलणकरांमधल्या अधिकाऱ्याला सुचणं शक्य नव्हतं. कवीला कदाचित सुचलं असतं, पण 'लोकेशन फॅक्टर' बसेल असं वृत्त सापडलं नसतं.

घरून करायच्या नोकरीची, म्हणजे आता सगळे म्हणतात त्या रिमोट जॉबची, जाहिरात 'जगात कुठूनही काम करा' अशी सुरू होते आणि अर्जातल्या पहिल्या काही रकान्यांतच 'सध्या कुठे राहता?' असं विचारलं जातं. कामाला जागा लागत नाही. पगाराला मात्र लागते. का लागते, असं विचारलं तर एचआरकडून फार समजूतदार उत्तर मिळतं: राहणीमानाचा खर्च गावोगाव वेगळा असतो ना! ऐकणारा मान डोलावतो, कारण सांगलीत भाडं कमी आहे हे त्याला एचआरपेक्षा जास्त ठाऊक असतं. माझं म्हणणं असं की हे कारण खरं नाही. पगार कोणाच्याही गरजेवर ठरत नाही. 'नाही' म्हटल्यावर तुम्हांला दुसरीकडे कुठे जाता येतं, यावर तो ठरतो. खर्चाची भाषा ही दोन्ही बाजूंनी जपलेली एक सभ्य थाप आहे, आणि ती खरी मानून पगाराच्या बोलणीला बसणारा बसल्या क्षणीच हरतो.

थाप म्हणायला पुरावा लागतो. तो गूगलनंच दिला आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात गूगलनं आपल्या लोकांसाठी एक आकडेमोडीचं साधन काढलं: कायमचं घरून काम करायचं ठरवलं तर पगार किती होईल ते बघा. रॉयटर्सनं त्याची चित्रं मिळवून बातमी दिली. त्यातला स्टॅमफर्डचा दाखला नमुनेदार आहे. हे कनेटिकटमधलं गाव न्यूयॉर्कपासून आगगाडीनं तासाभरावर. तिथून रोज गाडीला लोंबकळत न्यूयॉर्कच्या ऑफिसात जाणाऱ्याला न्यूयॉर्कचा पगार. तोच माणूस त्याच घरात राहून, त्याच टेबलावर, तेच काम करू लागला की १५ टक्के कमी. न्यूयॉर्क शहरातच राहणाऱ्या सहकाऱ्यानं घरून काम केलं तर मात्र कपात शून्य. आता यात राहणीमानाचा खर्च कुठे बदलला? घर तेच, भाडं तेच, दूधवाला तोच. बदललं इतकंच की तो माणूस न्यूयॉर्कच्या बाजारातून उठला आणि स्टॅमफर्डच्या बाजारात बसला, निदान कंपनीच्या तक्त्यात. खर्च हेच कारण असतं तर गाडीचा पास वाचला म्हणून पासापुरतेच पैसे कापले असते. पास १५ टक्क्यांचा नसतो.

त्याच्या आदल्या वर्षी फेसबुकनं हाच प्रकार अधिक कडक आवाजात केला होता. मे २०२० मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी जाहीर केलं की पुढच्या दहा वर्षांत निम्मे लोक घरून काम करतील अशी शक्यता आहे, पण पगार राहत्या गावाप्रमाणे होईल. १ जानेवारी २०२१ पर्यंत प्रत्येकानं आपला ठावठिकाणा कळवावा, आणि खोटं सांगितल्यास परिणाम गंभीर होतील. खरंखोटं तपासायला व्हीपीएनच्या नोंदी होत्याच. कोट्यवधी लोकांना आपण कुठे आहोत हे आनंदानं जगाला सांगायला शिकवणाऱ्या कंपनीला स्वतःच्या माणसांचा पत्ता मात्र धाक घालून विचारावा लागला. व्हीएमवेअरनं पालो आल्टोहून डेन्व्हरला जाणाऱ्याचे १८ टक्के कापायचं ठरवलं. स्ट्राइपनं सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क, सिॲटल सोडणाऱ्यांना २०,००० डॉलर हातात ठेवले आणि पगारातून दहा टक्क्यांपर्यंत काढून घ्यायची सोय केली. म्हणजे एका हातानं ओटी भरायची आणि दुसऱ्यानं दरमहा गहू परत घ्यायचे.

गावाप्रमाणे पगार हा निसर्गनियम असता तर सगळ्यांना सारखाच लागू झाला असता. तसं नाही. थर्टीसेव्हन सिग्नल्स, म्हणजे पूर्वीची बेसकॅम्प, ही छोटी कंपनी आपल्या लोकांना ते कुठेही राहोत, सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजारातल्या वरच्या दहा टक्क्यांचा दर देण्याचं धोरण ठेवते. एअरबीएनबीनं २०२२ मध्ये देशाच्या आत गाव कोणतंही असो, पगार एकच केला. उलट टोकाला गिटलॅब. या कंपनीला ऑफिसच नाही, पण पगाराचं सूत्र मात्र उघड छापलेलं, आणि सुरुवातीच्या काळात त्या सूत्रात गावाचा घरभाड्याचा निर्देशांक घातलेला होता. म्हणजे शेजारच्या काकूंनी भाडेकरू बदलून भाडं वाढवलं तर तुमच्या कोडची किंमत वर जावी, अशी व्यवस्था. गिटलॅबचं कौतुक अशासाठी की पुढे तिनं भाड्याचं सोंग सोडलं आणि सरळ लिहिलं: आम्ही राहणीमानाचा खर्च बघत नाही, त्या ठिकाणच्या बाजारात तशा माणसाला काय दर पडतो ते बघतो. एवढा स्पष्टपणा सहसा कोणी दाखवत नाही, कारण 'तुमच्या गावात खर्च कमी' हे वाक्य मायेचं वाटतं आणि 'तुमच्या गावात तुम्हांला दुसरं कोणी विचारत नाही' हे वाक्य कोणालाच फोनवर म्हणवत नाही.

आणि खर्चाचा हा जिव्हाळा एकाच दिशेनं वाहतो. सांगलीच्या माणसानं रिमोट नोकरीसाठी चांगला लॅपटॉप घ्यायचा म्हटलं तर दुकानदार पिनकोड विचारून किंमत उतरवत नाही. भारतात तो अमेरिकेपेक्षा महागच पडतो. जागतिक बँकेच्या क्रयशक्तीच्या हिशेबात एका डॉलरची खरेदी भारतात वीस-बावीस रुपयांत होते, म्हणून 'तुम्ही तिकडे राजासारखे राहाल' असं समजावलं जातं. राहतीलही, पण भाजी, रिक्षा आणि केशकर्तन एवढ्याच बाबतींत. विमानाचं तिकीट, फोन, मुलाचं परदेशी शिक्षण, पुण्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट इथे आल्यावर राजेसाहेबांना मुकुट गहाण ठेवावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, गावाप्रमाणे पैसे देण्यात इतकं वाईट काय? सरकारही देतंच. देतं, आणि कसं देतं ते बघण्यासारखं आहे. ज्या सरकारी पगारपद्धतीला आपण जुनाट म्हणून हसतो, तिनं हा प्रश्न केव्हाच सोडवून कपाटात ठेवला आहे. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात दहाव्या स्तरावरच्या केंद्रीय अधिकाऱ्याचा सुरुवातीचा मूळ पगार ५६,१०० रुपये. मग तो मुंबईत बसो की रत्नागिरीत. गाव बदललं की मुख्यतः घरभाडेभत्ता बदलतो. त्यासाठी शहरांचे एक्स, वाय, झेड असे तीन वर्ग. सुरुवातीला दर २४, १६ आणि ८ टक्के होते. महागाईभत्त्यानं पन्नाशी गाठल्यावर ते ३०, २० आणि १० झाले. मुंबई आणि पुणं एक्समध्ये, नागपूर, नाशिक, कोल्हापूर, सांगली वायमध्ये. ज्याच्यावर गावाचा परिणाम होतो त्या भाड्यालाच गावाचा गुणक लावायचा आणि माणसाच्या कामाला हात लावायचा नाही, हे त्यातलं शहाणपण. रिमोट कंपनीचा लोकेशन फॅक्टर, म्हणजे तिचा गावाचा गुणक, मात्र सबंध पगारावर फिरतो, जणू सांगलीत लिहिलेला प्रोग्रॅम कमी वेगानं चालतो. अर्थात सरकारचंही सगळं सुसंगत असतं असं नाही. भत्ता देताना पुणं पहिल्या वर्गाचं महानगर, पण घरभाड्यावर आयकराची सूट मोजताना मात्र वर्षानुवर्षं महानगरं चारच होती: मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई. पुण्याला ५० टक्क्यांऐवजी ४० टक्क्यांत बसवलेलं होतं. पुणेकरांनी ही वागणूक इतकी वर्षं कशी सोसली हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

कंपनीची थाप इथवर. आता आपली. कारण पगाराच्या फोनवर आपणही खर्चाचीच वही उघडतो. गृहकर्जाचा हप्ता वाढला, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, धाकटीची शाळेची फी. हे सगळं खरं असतं आणि पलीकडच्या एचआरच्या बाईला त्याचं वाईटही वाटतं, पण तिच्या तक्त्यात गुडघ्याचा रकाना नसतो. हप्त्यावर पगार ठरत असता तर सर्वांत मोठं कर्ज काढणारा माणूस सर्वांत मोठ्या पदावर पोचला असता. आणि खर्च जास्त म्हणून जास्त मागणाऱ्याला मग खर्च कमी म्हणून कमी देता येतं, हे ध्यानात येत नाही. त्यातून जो काहीच मागत नाही त्याची गोष्ट आणखी करुण. आपल्याकडे पगाराचं बोलणं लग्नाच्या बैठकीच्या वळणानं जातं. 'तुमची अपेक्षा काय?' या प्रश्नाला 'तशी काही अपेक्षा नाही, कंपनीच्या नियमाप्रमाणे द्या' असं उत्तर देणारा उमेदवार वरपक्षाचं वाक्य बोलतो, पण मनात धाकधूक वधूपक्षाची असते. बैठकीत निदान मामा नावाचा एक इसम असतो, जो मध्येच चहाचा कप खाली ठेवून 'याद्या आताच करून टाकू' म्हणतो आणि सगळं कागदावर आणतो. रिमोट नोकरीच्या बोलण्यांना मामा नसतो. स्क्रीनवर दोनच चौकटी, त्यातल्या एकीचा कॅमेरा बंद.

'नियमाप्रमाणे द्या' म्हटल्यावर कंपनी कोणता नियम लावते? आपल्याकडे तो एकच आहे: सध्याचा सीटीसी, म्हणजे सगळं धरून वर्षाचं पॅकेज, किती, आणि त्यावर किती टक्के. मागच्या तीन महिन्यांच्या पगारस्लिपा जोडा. डॅनियल कानमन आणि अमॉस ट्वर्स्की यांनी १९७४ मध्ये एक प्रयोग मांडला, तो प्रत्येक उमेदवारानं भिंतीवर लावावा. लोकांसमोर एक चक्र फिरवलं जायचं आणि ते लबाडीनं १० किंवा ६५ वर थांबवलं जायचं. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देश किती टक्के आहेत? ज्यांच्या चक्रावर १० आला त्यांचा अंदाज मधोमध २५ टक्के, ज्यांच्यावर ६५ आला त्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नाही हे सगळ्यांना दिसत होतं, तरी आकडा डोक्यात खुंटी ठोकून बसला. तुमची जुनी पगारस्लिप हे ते चक्र. सात वर्षांपूर्वी कॅम्पसमध्ये घाबरत घेतलेला पहिला पगार, त्यावर टक्के, त्या टक्क्यांवर टक्के, अशी ही खुंटी जन्मभर सोबत येते, आणि नव्या कंपनीतलं काम, त्याची अवघड बाजू, त्यातून होणारा नफा या कशाशीही तिचा संबंध नसतो. मॅसॅच्युसेट्सनं २०१६ मध्ये कायदा करून ऑफरपूर्वी जुना पगार विचारण्यावरच बंदी घातली. ती जुलै २०१८ पासून अमलात आली. आपल्याकडे तो अजून जवळपास नावाच्या आधी विचारतात. कायदा नाही म्हणून उत्तर दिलंच पाहिजे असं मात्र नाही. 'या कामासाठी तुमची पगाराची मर्यादा किती ते सांगा, त्यात बसतंय का बघू' एवढं म्हणता येतं. ते म्हटल्यावर पलीकडे जी शांतता पसरते ती दोन-तीन सेकंदांची असते आणि तिला घाबरून लोकांनी लाखो रुपये सोडले आहेत.

शांतता ओलांडून आकडा आला तरी तो आकडा कशाचा, हे बघायला हवं. 'अठरा लाखांचं पॅकेज' ऐकून नातेवाईक अठराला बाराने भागतात आणि दीड लाख महिना असं गावात सांगतात. त्यात कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा हिस्सा धरलेला असतो. तो मूळ पगाराच्या १२ टक्के, किंवा पंधरा हजारांच्या मर्यादेवर मोजून महिना १,८०० रुपयेच. ग्रॅच्युइटीची तरतूद म्हणून मूळ पगाराच्या ४.८१ टक्के धरलेले असतात. हा विचित्र अपूर्णांक वर्षाला पंधरा दिवसांचा पगार आणि सव्वीस दिवसांचा महिना या भागाकारातून निघतो. कायम नोकरीत ती ग्रॅच्युइटी हाती यायला साधारण पाच वर्षं टिकावं लागतं, आणि ज्या धंद्यात माणसं दोन-अडीच वर्षांत कंपनी बदलतात तिथे ती पॅकेजमध्ये दाखवायची म्हणजे कधीच न येणाऱ्या पाहुण्याचं पान वाढून ठेवायचं. मग विम्याचा हप्ता. मग 'व्हेरिएबल', जो कंपनीची, विभागाची आणि तुमची अशा तिघांची पत्रिका जुळली तर येतो. मग जॉइनिंग बोनस, वर्षाच्या आत सोडल्यास परत करण्याच्या अटीवर. त्याला बक्षीस म्हणायचं की बिनव्याजी उसने, ते ज्यानं त्यानं ठरवावं. रिमोट नोकरीत तर कधी कधी इंटरनेटचं बिलही पॅकेजात मिरवतं. ऑफिसात बसणाऱ्याच्या पगारपत्रकात छताच्या पंख्याची वीज दाखवल्याचं ऐकिवात नाही.

पगाराची मर्यादा कंपनीनं आधीच सांगावी, असं मी वर सहज लिहून गेलो. ती सांगणं कंपन्यांना किती जिवावर येतं याचा पुरावा कोलोरॅडोत आहे. तिथे १ जानेवारी २०२१ पासून जाहिरातीत पगाराची वरची-खालची मर्यादा छापणं सक्तीचं झालं, आणि कोलोरॅडोत बसून करता येईल अशा रिमोट नोकऱ्यांनाही तो नियम लागू झाला. मग काही कंपन्यांनी काय करावं? 'अमेरिकेत कुठूनही काम करा, कोलोरॅडो सोडून' अशा जाहिराती दिल्या. एक आकडा छापायला लागू नये म्हणून आख्खं राज्य नकाशावरून पुसलं. राहणीमानाच्या खर्चाचाच प्रश्न असता तर इतकं लपवण्यासारखं त्यात काय होतं? खर्च तर सगळ्यांना माहीत असतो. पुढे न्यूयॉर्क शहरात १ नोव्हेंबर २०२२ ला तसाच कायदा आला, तेव्हा सिटीग्रुपच्या एका जाहिरातीत पगार शून्य ते वीस लाख डॉलर असा झळकला. तांत्रिक चूक झाली, असा खुलासा झाला आणि तो खराही असेल. पण बाकीच्या कित्येक जाहिरातींतल्या मर्यादा वाचल्या तर चूक नक्की कोणाची कमी झाली ते कळत नाही. युरोपीय संघानं २०२३ मध्ये निर्देश काढून सदस्य देशांना ७ जून २०२६ ही मुदत दिली: मुलाखतीआधी पगार सांगा आणि जुना पगार विचारू नका. भारतातला माणूस युरोपातल्या कंपनीत रिमोट अर्ज करत असेल तर तिथल्या माणसांसाठी छापलेली मर्यादा त्याला वाचायला कोणी अडवत नाही. आपला भाव कळायला शेजारच्या दुकानाची पाटी चालते.

आता आक्षेप. पहिला, आणि सर्वांत वजनदार: अहो, तुम्ही स्वस्त आहात म्हणूनच तर काम इकडे आलं. अमेरिकी दर मागाल तर ते अमेरिकेतच माणूस घेतील. खरं आहे. सूट हेच त्या दाराचं बिजागर आहे आणि ते काढून टाकलं तर दार अंगावर पडेल. पण सूट असावी यातून सूट किती असावी हे ठरत नाही. चाळीस टक्के स्वस्त माणूस आणि सत्तर टक्के स्वस्त माणूस, दोघंही स्वस्तच. या दोहोंमधली जागा हीच बोलणीची जागा, आणि तिथे 'स्थानिक बाजार' हा शब्द कंपनी ज्या अर्थानं वापरते त्या अर्थानं घेऊ नये. सांगलीतल्या डेटा इंजिनियरला सांगलीत कोण विचारतं हा प्रश्नच गैरलागू आहे. तिथे तिला विचारणारं कोणी नव्हतंच, म्हणून तर ती आधी पुण्याला गेली होती. तिचा स्थानिक बाजार म्हणजे भारतात रिमोट माणसं घेणाऱ्या सगळ्या कंपन्या. त्यांतल्या तिघांना ती हवी असेल तर त्या तीन कंपन्या मिळून तिचं गाव होतं, आणि त्या गावचा भाव हा तिचा भाव.

दुसरा आक्षेप असा की घरून काम करणं हाच मोबदला आहे. लोकल नाही, हिंजवडीचा रस्ता नाही, आई जवळ आहे. याचे पैसे कापले तर बिघडलं काय? याला उत्तर मोजून देता येतं. अलेक्झांड्र मास आणि अमांडा पॅलेस या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेत कॉल सेंटरच्या खऱ्याखुऱ्या नोकरभरतीत उमेदवारांपुढे वेगवेगळे पर्याय ठेवून पाहिलं. २०१७ मध्ये छापलेला निष्कर्ष: घरून काम करण्याच्या मुभेसाठी अर्जदार सरासरी ८ टक्के पगार सोडायला तयार होते. सरासरी आठ. म्हणजे या आक्षेपात तथ्य आहे आणि त्या तथ्याचा आकार ८ टक्के आहे. १५, १८ किंवा त्याहून मोठी कात्री त्याच्या आडोशानं चालवता येत नाही. शिवाय खुर्ची, जागा, एसी, कॉफीचं यंत्र आणि वाढदिवसाचा केक यांतून कंपनीचे वाचलेले पैसे याच ताळेबंदात दुसऱ्या बाजूला लिहायला हवेत. आणि वेळ? न्यूयॉर्कच्या साडेनवाच्या मीटिंगला आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. तिकडे घड्याळं मागे गेली की आठ. हिंजवडीचा रस्ता वाचला, पण रात्रीचं जेवण अमेरिकेच्या ऋतुचक्राला बांधलं गेलं. हाही खर्चच, पण राहणीमानाच्या तक्त्यात तो कोणी धरत नाही.

तिसरा आक्षेप मला स्वतःला थोडा घाबरवतो. जगात कुठूनही माणूस घेता येतो, तर सांगलीच्या जागी मनिला किंवा लागोस का नाही? तुमचा पर्याय वाढला तसा कंपनीचाही वाढला. याला खोडून काढायला माझ्याकडे काही नाही. उलट माझं मूळ म्हणणंच याच्यात आहे. पर्यायांवर पगार ठरतो, आणि पर्याय दोन्ही बाजूंना असतात. जे काम दहा देशांतली दहा हजार माणसं सारखंच करू शकतात, त्याचा भाव रिमोट झाल्यावर पडेलच, मग तुम्ही बोलण्यात बृहस्पती असा. जिथे कामाची खोच मोजक्यांना कळते तिथे पारडं फिरतं. म्हणून बोलणीची निम्मी तयारी फोनच्या दोन वर्षं आधी, काय शिकायचं हे ठरवताना होते. फोनवरचं वाक्चातुर्य ही उरलेल्या निम्म्याची गोष्ट.

या वाटेवर आपले बरेच जण नोकर म्हणून न जाता कंत्राटी म्हणून जातात, कारण परदेशी कंपनीची भारतात शाखा नसते. डॉलरात बिल करायचं. इथे गुणाकाराची नशा चढते. २०११ च्या सुरुवातीला डॉलर पंचेचाळीसच्या आसपास होता, २०२५ संपताना त्यानं नव्वदी पाहिली. काही न मागता पगारवाढ देणारा हा एकमेव साहेब. पण गुणाकारानंतर वजाबाकीही करावी. वर्षाकाठी पंचवीस दिवसांची भरपगारी रजा आणि सुट्ट्या गेल्या, की २६० कामाच्या दिवसांतले जवळपास दहा टक्के गेले. मूळ पगार निम्मा धरला तर भविष्यनिर्वाह निधीचे सहा आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे अडीच टक्के. आरोग्यविमा स्वतःचा. म्हणजे नोकरीतल्या पगाराइतकंच हातात पडायला कंत्राटाचा आकडा किमान पाचवा हिस्सा चढा हवा, आणि उद्या ईमेलवर 'आजपासून थांबूया' असं येऊ शकतं त्या जोखमीचे वर. ठरावीक व्यवसायांना ७५ लाखांपर्यंतच्या जमेपैकी निम्मीच रक्कम उत्पन्न धरण्याची आयकरात सोय आहे, जमेतली रोकड पाच टक्क्यांच्या आत असेल तर. आपलं काम त्या यादीत बसतं का हे सीएला विचारावं. व्हॉट्सॲप ग्रुपला विचारू नये, तिथे ते नेहमीच बसतं.

आणि पर्यायांवर पगार ठरतो याचा सर्वांत करमणूक करणारा पुरावा कंपन्यांनी स्वतःच्या हातानं तयार केला आहे, तो म्हणजे नव्वद दिवसांचा नोटिस पीरियड. माणूस पटकन पळू नये म्हणून ही अट घातली. झालं असं की राजीनामा दिलेल्या माणसाला तीन महिने मोकळा बाजार मिळाला. पहिली ऑफर हातात, दुसरीची बोलणी, तिसरीची मुलाखत, आणि सध्याचा साहेब चौथ्या बाजूनं 'थांब, काहीतरी करू' म्हणतोय. याच काळात त्याच माणसाला, त्याच गावात, त्याच कामासाठी तीन वेगळे आकडे येतात. सांगलीतलं भाडं त्या तीन महिन्यांत एक रुपयानं हललेलं नसतं. कंपन्या या प्रकाराला 'ऑफर शॉपिंग' म्हणून नावं ठेवतात, आणि त्याच कंपन्या त्याच जागेसाठी पाच उमेदवार एकाच आठवड्यात बघतात. त्याला मात्र 'पाइपलाइन' म्हणतात. खोटं ऑफर लेटर बनवणारे महाभागही आहेत, ते पार्श्वभूमी तपासणीत सापडतात आणि सापडावेतच. खरं पत्र असेल तर मात्र बघण्यासारखं असतं. सकाळी 'बजेट अजिबात नाही, तुमच्या लोकेशनसाठी हीच कमाल मर्यादा' असं ठामपणे सांगणारी कंपनी दुपारी दुसऱ्या कंपनीची पीडीएफ पोचल्यावर संध्याकाळी 'स्पेशल अप्रूव्हल' घेऊन येते. हे अप्रूव्हल देणारे साहेब कधी कुठल्या मीटिंगला दिसत नाहीत. बहुधा तेही रिमोटच असावेत, आणि त्यांचा पगार कोणत्या गावच्या दरानं निघतो हे विचारायला फॉर्ममध्ये रकाना नसतो.